एस्त्रेमादुरा कशी पाहावी : रोमन अवशेष, संग्रहालये आणि गिधाडांचे कडे

स्पेनला जाणारा मराठी प्रवासी सहसा बार्सिलोना, माद्रिद, सेविया आणि ग्रानादा या चार शहरांत आठ-दहा दिवस घालवून परततो. माद्रिदच्या नैर्ऋत्येला, पोर्तुगालच्या सीमेला लागून एस्त्रेमादुरा नावाचा स्वायत्त प्रदेश आहे; तो मात्र त्याच्या वाटेवर येत नाही आणि प्रवासी कंपन्यांच्या पत्रकांतही क्वचितच दिसतो. क्षेत्रफळाने हा प्रदेश गोव्याच्या अकरा पट आहे, तरी इथली लोकसंख्या साडेदहा लाखांच्या आसपास, म्हणजे गोव्याहूनही कमी आहे. वस्ती विरळ राहिल्यामुळे इथे दोन गोष्टी शेजारीशेजारी टिकल्या: एकीकडे रोमन, अरबी आणि मध्ययुगीन बांधकामे, आणि दुसरीकडे युरोपात इतरत्र दुर्मीळ झालेले पक्षी. युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत इथली तीन ठिकाणे आहेत: कासेरेसचे जुने शहर १९८६ पासून, तर मेरिदाचे पुरातत्त्वीय अवशेष आणि ग्वादालुपेचा राजमठ १९९३ पासून.

हा लेख आठ रात्रींच्या सहलीसाठी आहे. त्यात एक आग्रह सुरुवातीपासून शेवटपर्यंत आढळेल: एस्त्रेमादुराचे नियोजन नकाशापेक्षा घड्याळावरून आणि वारांवरून करावे. अंतरे इथे मोठी नाहीत. चुकते ती वेळ.

ऋतू आणि वार

मार्चचा उत्तरार्ध ते मेअखेर आणि ऑक्टोबर ते नोव्हेंबरचा मध्य हे दोन काळ उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये पारा चाळिशीच्या पुढे सहज जातो आणि हा उन्हाळा नागपूर-चंद्रपूरच्या माणसालाही जड वाटेल, कारण सावली नसलेल्या दगडी अवशेषांतच बराच वेळ काढायचा असतो. हेर्ते खोऱ्यातील चेरीचा बहर पाहायचा असेल तर मार्चअखेर ते एप्रिलचा मध्य हाच काळ धरावा लागतो. बहराची तारीख हिवाळ्याच्या थंडीवर ठरते, दरवर्षी पुढेमागे होते आणि बहर जेमतेम दोन आठवडे टिकतो. बहर हुकला तरी चालेल अशी तयारी असेल, तर एप्रिलचा दुसरा पंधरवडा मी सर्वांत वरचा मानतो: माळरानांवर रानफुले असतात, काळे करकोचे आफ्रिकेतून परतलेले असतात आणि दुपारचे ऊन अजून सोसवते.

त्यानंतर सोमवार कुठे टाकायचा ते ठरवावे. स्पेनमधील बहुतेक संग्रहालये सोमवारी बंद असतात आणि रविवारी दुपारनंतरही बरीच दारे मिटतात. म्हणून मी सुचवतो तो क्रम मंगळवारी सुरू होतो: मंगळवार-बुधवार मेरिदा, गुरुवार-शुक्रवार कासेरेस, शनिवार-रविवार त्रुहियो आणि ग्वादालुपे, आणि सोमवार-मंगळवार मोन्फ्राग्वेचे राष्ट्रीय उद्यान व हेर्ते खोरे. गिधाडांना साप्ताहिक सुट्टी नसते, त्यामुळे सोमवार वाया जात नाही.

व्हिसा, वाहन आणि परवाना

भारतीय पारपत्रधारकाला शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. प्रत्यक्षात उन्हाळी सुट्टीच्या हंगामात भेटीची वेळ मिळण्यासच आठवडे जातात, त्यामुळे तीन महिने आधी कामाला लागणे शहाणपणाचे. प्रौढांसाठी व्हिसाशुल्क ९० युरो असून अर्जकेंद्राचे सेवाशुल्क त्यावर वेगळे आकारले जाते. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय खर्च भागवणारा प्रवासविमा, प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचे आरक्षण आणि दिवसवार कार्यक्रम सोबत जोडावा लागतो. वर दिलेला वारांचा क्रम त्या कार्यक्रमात तसाच उतरवता येईल. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन सीमांवर बोटांचे ठसे आणि छायाचित्र घेऊन संगणकीय नोंद करण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने लागू झाली आहे, त्यामुळे माद्रिदच्या विमानतळावरून पुढचे वाहन ठरवताना हाताशी दोन-अडीच तास मोकळे ठेवावेत.

माद्रिदहून कासेरेस आणि मेरिदाला थेट रेल्वे आहे. कासेरेसला पोचण्यास साधारण तीन ते साडेतीन तास आणि तिथून मेरिदाला पाऊण-एक तास लागतो. केवळ ही दोन शहरे पाहायची असतील तर रेल्वे पुरेशी आहे. त्रुहियोलाही माद्रिदहून बसने जाता येते. मोन्फ्राग्वे, हेर्ते खोरे, युस्ते आणि लॉस बारुएकोस या ठिकाणी मात्र स्वतःच्या वाहनाशिवाय निभाव लागत नाही. ज्या काही बस आहेत त्या शाळकरी मुलांच्या आणि बाजारहाटाच्या वेळा पाहून सुटतात. भाड्याची गाडी माद्रिदमध्येच घ्यावी, कारण लहान शहरांतील गाडीभाड्याची कार्यालये दुपारी आणि शनिवार-रविवारी बंद आढळतात. आंतरराष्ट्रीय वाहनचालक परवाना आपल्याकडील प्रादेशिक परिवहन कार्यालयातून निघण्याआधीच घ्यावा आणि तो मूळ भारतीय परवान्यासोबत बाळगावा. विमानातून उतरल्या उतरल्या गाडी हाती घेऊ नये. रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवण्याची सवय शरीराला नसते, आणि झोप अपुरी असताना चौकातील वळसा हमखास चुकतो. एक रात्र माद्रिदमध्ये नीट झोपून सकाळी निघावे.

माद्रिद ते मेरिदा हे सुमारे ३४० किलोमीटरांचे अंतर ए-५ या मार्गाने साडेतीन तासांत कापता येते आणि त्यावर टोल नाही. उत्तर-दक्षिण जाणारा ए-६६ हा मार्ग मेरिदा, कासेरेस आणि प्लासेन्सिया यांना जोडतो. तो जुन्या ‘विया दे ला प्लाता’ या वाटेच्या रेषेत जातो आणि त्यावरही टोल नाही. या दोन महामार्गांवर वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे, साध्या रस्त्यांवर ९० आणि वस्तीतील अरुंद रस्त्यांवर ३०. शहरांत रस्त्याकडेला निळे पट्टे असतील तिथे पैसे भरून गाडी लावायची असते. जुन्या शहरांच्या तटबंदीत गाडी नेऊ नये. गल्ल्या अरुंद आहेत आणि रहिवाशांखेरीज इतरांना बहुधा मनाई असते.

दिवसाची मांडणी

दुपारी दोन ते पाच हा काळ या प्रदेशात खरोखर विश्रांतीचा असतो. पहिल्या फेरीत आम्ही त्रुहियोला सव्वादोन वाजता पोचलो, तेव्हा चर्च बंद, किल्ला बंद, दुकाने बंद, आणि चौकात आमच्याशिवाय फक्त कबुतरे होती. त्यानंतर आम्ही रोजचा दिवस असा लावला: सकाळी नऊपर्यंत पहिल्या स्थळाच्या दारात, दोनपर्यंत पाहणे, मग सावकाश जेवण आणि झोप, साडेपाचनंतर पुन्हा बाहेर, आणि रात्रीचे जेवण नऊनंतर. मे महिन्यात मेरिदाला सूर्य साधारण साडेनऊच्या सुमारास मावळतो, म्हणजे संध्याकाळच्या फेरीला पुरते चार तास हाती येतात. दुपारच्या वेळात एखादे मोठे, वातानुकूलित आणि मध्ये बंद न होणारे संग्रहालय ठेवता आले तर उत्तमच. मेरिदात ते जमते.

मेरिदा : दोन रात्री

इ. स. पूर्व २५ मध्ये सम्राट ऑगस्टसच्या आज्ञेने निवृत्त सैनिकांना वसवण्यासाठी एमेरिता ऑगुस्ता हे नगर उभे राहिले; ‘एमेरितुस’ म्हणजे सेवा पूर्ण केलेला सैनिक, आणि आजच्या मेरिदा या नावात तोच शब्द उरला आहे. पुढे हे लुसितानिया प्रांताचे मुख्य नगर झाले. आजही हीच एस्त्रेमादुराची राजधानी आहे आणि रोमन अवशेष चालू शहराच्या पोटात विखुरलेले आहेत. त्यामुळे पहिले काम म्हणजे एकत्रित तिकीट घेणे. त्यात नाट्यगृह व अँफिथिएटर (झुंजींचे गोलाकार मैदान), अरबी गढी, रथशर्यतीचे मैदान, मिथ्रेउमचे घर, सान्ता एउलालियाचे भूमिगत अवशेष आणि मोरेरियाचे उत्खनन यांचा समावेश होतो. राष्ट्रीय रोमन कला संग्रहालयाचे तिकीट मात्र वेगळे असते आणि ते तीनच युरोंचे आहे.

सकाळी दार उघडताच नाट्यगृहात शिरावे. इ. स. पूर्व १६-१५ च्या सुमारास मार्कस अग्रिप्पाच्या आश्रयाने बांधलेल्या या नाट्यगृहात सुमारे सहा हजार प्रेक्षक बसू शकत. १९१० मध्ये होसे रामोन मेलिदा यांनी मॅक्सिमिलियानो मासियास यांच्यासह उत्खनन सुरू केले, तेव्हा आसनांच्या वरच्या भागाचे सात तुकडे तेवढे जमिनीबाहेर होते आणि गावकरी त्यांना ‘सात खुर्च्या’ म्हणत; बाकी सारे मातीखाली होते. आत गेल्यावर प्रथम वरच्या ओळीत जाऊन बसावे आणि मग पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरावे. वरून रंगमंचामागची दोन मजली खांबांची भिंत चित्रासारखी सपाट दिसते; खाली येता येता तिच्यातील खाचा, दारे आणि पुतळे सुटे होत जातात, आणि रंगमंचासमोरच्या अर्धवर्तुळात उभे राहून साध्या आवाजात बोललेले वरच्या सोबत्याला ऐकू जाते का, हे स्वतः करून पाहता येते. भिंतीतील खांबांची बरीचशी उभारणी विसाव्या शतकातील आहे, आणि खांबांमधील पुतळे प्रतिकृती आहेत. मूळ पुतळे शेजारच्या संग्रहालयात आहेत, म्हणूनच नाट्यगृह आधी आणि संग्रहालय नंतर हा क्रम मोडू नये.

लागूनच असलेल्या अँफिथिएटरला अर्धा-पाऊण तास पुरतो; मधला खड्डा आणि प्राण्यांच्या कोठड्या पाहून, उन्हे तापू लागताच संग्रहालय गाठावे.

राफाएल मोनेओ यांनी रचलेली आणि १९८६ मध्ये खुली झालेली संग्रहालयाची ही इमारत स्वतःच पाहण्याजोगी आहे. रोमन पद्धतीच्या लांबट, पातळ विटांच्या उंच कमानी एकामागे एक लागतात. छतातून उतरणारा प्रकाश विटांवरून घरंगळत संगमरवरावर येतो, आणि सकाळी नाट्यगृहात ज्यांच्या प्रतिकृती पाहिल्या ते पुतळे इथे हाताच्या अंतरावर उभे असतात. मोठ्या दालनात धावपळ करू नये. उंच भिंतींवर लावलेली मोझेइक चित्रे खालून आणि मग वरच्या मजल्यांवरील सज्जांतून अशी दोनदा पाहावीत. दुसऱ्या वेळी त्यांतील रंगीत खडे एकेक करून मोजता येतील इतके जवळ येतात. तळघरात उतरण्यास विसरू नये. पाया खणताना सापडलेली घरे, थडगी आणि रस्ता तिथे जागच्या जागी ठेवले असून इमारतीचे खांब त्यांना चुकवत उभे केले आहेत. आपल्याकडे नव्या बांधकामासाठी जुना वाडा सपाट होताना आपण सारे पाहत आलो आहोत, त्यामुळे या तळघरात मी सर्वांत जास्त वेळ थांबलो. शनिवारी दुपारनंतर आणि रविवारी सकाळी प्रवेश विनामूल्य असतो, पण त्या वेळी गर्दीही असते.

संध्याकाळ ग्वादियाना नदीकाठी काढावी. सुमारे ७९० मीटर लांबीचा आणि साठ कमानींचा रोमन पूल आज फक्त पादचाऱ्यांसाठी आहे. त्याच्या शहराकडील टोकाला दुसऱ्या अब्द अल-रहमानच्या काळात, इ. स. ८३५ मध्ये बांधलेली गढी लागते. गढीत तटावर चढण्यापेक्षा पाण्याच्या टाक्याकडे आधी जावे: दोन समांतर जिने अंधारात खाली उतरतात, दाराच्या चौकटींना रोमनांनंतर आणि अरबांआधी इथे राज्य केलेल्या व्हिसिगोथांच्या जुन्या इमारतींतले कोरीव खांब आडवेउभे वापरलेले दिसतात, आणि तळाशी नदीचे पाझरलेले पाणी आजही साठते. महाराष्ट्रातील गडांवरची टाकी पाहिलेल्या माणसाला इथे वेगळे काही समजावून सांगावे लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिथ्रेउमच्या घरातील विश्वदर्शनाचे मोझेइक, मग तथाकथित डायानाचे मंदिर पाहावे. ते प्रत्यक्षात सम्राटपूजेचे होते, आणि खांबांच्या मधोमध नंतर कुणा सरदाराने वाडा बांधल्यामुळेच ते शिल्लक राहिले. संध्याकाळी लॉस मिलाग्रोस या जलसेतूखालच्या हिरवळीवर जावे. ग्रॅनाइट आणि लाल विटांच्या आळीपाळीच्या थरांचे खांब उभे आहेत, आणि जवळपास प्रत्येक खांबाच्या डोक्यावर पांढऱ्या करकोच्याचे घरटे आहे. मावळतीला ते चोची वाजवू लागतात तो आवाज पोकळ बांबू आपटल्यासारखा येतो.

जुलै-ऑगस्टमध्येच जाणे भाग असेल, तर निदान अभिजात नाट्यमहोत्सवाचे तिकीट काढावे. १९३३ मध्ये अभिनेत्री मार्गारिता शिर्गू यांनी याच रंगमंचावर सेनेकाची ‘मेदेआ’ साकारली तेव्हापासून या महोत्सवाची परंपरा सांगितली जाते. प्रयोग रात्री उशिरा, दगड निवल्यावर होतात. सोबत पातळ उशी न्यावी.

कासेरेस : दोन रात्री

मेरिदाहून उत्तरेला पाऊण तासावर कासेरेस आहे. जुन्या शहरात फिरायला तिकीट लागत नाही, त्यामुळे इथे यादी घेऊन पळण्याची गरज नाही. प्लासा मायोर या मोठ्या चौकातून एस्त्रेया कमानीखालून आत शिरावे, आणि दिवसाउजेडी एकदा व रात्री दिवे लागल्यावर पुन्हा एकदा, अशा दोन फेऱ्या कराव्यात. दुकानांच्या पाट्या आणि विजेच्या तारा दृष्टीआड असल्यामुळे रात्रीची फेरी विशेष लक्षात राहते.

बुरुजांकडे पाहताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी. शहरातील सरदार घराण्यांचे आपसातले वैर मोडण्यासाठी राणी इसाबेलने १४७६-७७ च्या सुमारास खासगी बुरुज छाटण्याची आज्ञा दिली; म्हणून बहुतेक बुरुज छतालगत तोडल्यासारखे दिसतात. राणीच्या पक्षातील एका सरदाराचा ‘करकोच्यांचा बुरुज’ मात्र पूर्ण उंचीचा राहिला. तोलेदो-मोक्तेसुमा वाड्यापाशीही थांबावे: हे नाव अझ्टेक सम्राटाच्या मुलीशी, इसाबेल मोक्तेसुमाशी, लग्न केलेल्या इथल्या एका सैनिकामुळे आले आहे. या प्रदेशातील अनेक सुंदर वाड्यांमागे अमेरिकेतील लूट आणि तिथल्या माणसांची दैना आहे. दगडांवरच्या ढाली वाचताना ते नजरेआड करू नये. सान्ता मारिया चर्चच्या कोपऱ्यावर संत पेद्रो दे अल्कान्तारा यांचा काळसर ब्राँझचा पुतळा आहे. येणारेजाणारे त्याच्या पायांना हात लावतात, त्यामुळे बोटे तेवढी पितळेसारखी चकाकतात.

संग्रहालयांपैकी हेल्गा दे आल्वेआर संग्रहालयासाठी एक सकाळ राखून ठेवावी. जर्मनीत जन्मलेल्या या कलासंग्राहक बाईंनी आपला समकालीन कलेचा संग्रह कासेरेसला दिला. एमिलियो तुन्योन यांनी रचलेली नवी इमारत २०२१ मध्ये खुली झाली आणि प्रवेश विनामूल्य आहे. मालत्राविएसो गुहेचे माहितीकेंद्रही पाहावे. १९५१ मध्ये सापडलेल्या या गुहेत हाताचे ठसे आहेत. त्यांपैकी एकावर जमलेल्या चुनखडीच्या थराचे वय ६६ हजार वर्षांहून अधिक असल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडले गेले, आणि ठसा निअँडरथल माणसाचा असावा असा त्याचा अर्थ लावला गेला. त्यावर संशोधकांत वाद आहे. मूळ गुहा सर्वांसाठी खुली नसते, प्रतिकृती पाहता येते.

शुक्रवारची दुपार टळली की लॉस बारुएकोसकडे निघावे. कासेरेसच्या पश्चिमेला पंधरा-सोळा किलोमीटरांवर, माल्पार्तिदा गावाबाहेर, गोल गुळगुळीत ग्रॅनाइटचे प्रचंड धोंडे तळ्यांच्या काठी विखुरले आहेत. करकोचे इथे मनोऱ्यांऐवजी या धोंड्यांवरच घरटी बांधतात. तळ्याकाठच्या जुन्या लोकर धुण्याच्या कारखान्यात जर्मन कलावंत वोल्फ फोस्टेल यांनी १९७६ मध्ये संग्रहालय स्थापले. अंगणात त्यांचे एक उत्तुंग शिल्प आहे: मिग-२१ विमानाचा सांगाडा उभा करून त्यात मोटारी आणि पियानो अडकवले आहेत, आणि त्याच्याही टोकावर करकोच्यांनी काटक्या रचल्या आहेत. संग्रहालय आधी आणि तळ्याकाठची पायवाट नंतर, असा क्रम ठेवला म्हणजे धोंड्यांवरचे मावळतीचे ऊन सापडते. मुलांना धोंड्यांवर चढू देऊ नये. विणीच्या काळात घरट्यांजवळ जाणे पक्ष्यांना घातक ठरते.

त्रुहियो आणि ग्वादालुपे : दोन रात्री

त्रुहियो पाहण्यास अर्धा दिवस पुरतो. इंका साम्राज्य बुडवणारा फ्रान्सिस्को पिसारो आणि अमेझॉन नदीच्या प्रवाहाने समुद्रापर्यंत गेलेला फ्रान्सिस्को दे ओरेय्याना हे दोघेही इथलेच. चौकातील पिसारोचा अश्वारूढ पुतळा चार्ल्स कॅरी रम्झी या अमेरिकी शिल्पकाराचा आहे. तिथून चढ चढून अरबांनी बांधलेल्या किल्ल्यावर जावे. तटावरून चौफेर पसरलेले माळ दिसते. मेच्या सुरुवातीला चौकात चीजची मोठी जत्रा भरते, तेव्हा मुक्कामाची जागा फार आधी राखावी लागते.

ग्वादालुपे त्रुहियोहून सुमारे ८० किलोमीटरांवर, विय्युएर्कास डोंगरांत आहे. शेवटचा रस्ता वळणांचा असल्याने दीड तास धरावा. ज्यांना वळणांचा त्रास होतो त्यांनी रिकाम्या पोटी बसू नये. मठ स्वतः फिरून पाहता येत नाही. ठरावीक वेळांना गटाने फेरी निघते, सकाळी आणि दुपारनंतर, मध्ये जेवणाची सुट्टी. निवेदन बहुधा स्पॅनिशमध्येच असते, म्हणून काय पाहायचे ते आधी वाचून जावे. पहिले म्हणजे मुदेहार, म्हणजे इस्लामी वळणाच्या स्पॅनिश शैलीतील चौक: दोन मजली नालाकृती कमानी आणि मध्यभागी विटा व रंगीत कौलांचे छोटे मंडप. दुसरे म्हणजे हातांनी रंगवलेल्या महाकाय गायनपोथ्या, ज्या गाणाऱ्या संपूर्ण समूहाला दुरून वाचता याव्यात एवढ्या मोठ्या केल्या आहेत. तिसरे म्हणजे वस्त्रागारातील फ्रान्सिस्को दे सुर्बारान यांची भिक्षूंची चित्रे, अजूनही ज्या भिंतींसाठी रंगवली त्याच भिंतींवर. फेरीच्या शेवटी एक भिक्षू काळ्या मेरीमूर्तीच्या गाभाऱ्यात नेतो. चर्चमधील भाविकांकडे तोंड करून असलेली मूर्ती तो फिरवून आपल्याकडे वळवतो, आणि तोवर कुजबुजणारा गट एकदम शांत होतो. स्थानिक माणसांसाठी हे तीर्थक्षेत्र आहे. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घालावेत आणि कॅमेरा पिशवीत ठेवावा. बाहेर चौकात कारंजे आहे. कोलंबसने अमेरिकेतून आणलेल्या दोन माणसांचा बाप्तिस्मा १४९६ मध्ये ग्वादालुपेला झाला, आणि कॅरिबियनमधील एका बेटाला त्याने या गावाचे नाव दिले.

मोन्फ्राग्वे : ज्यासाठी पहाटे उठावे

त्रुहियोहून ईएक्स-२०८ या रस्त्याने उत्तरेला निघालात की तासाभरात मोन्फ्राग्वे लागते. वाटेत दोन्ही बाजूंना ‘देएसा’ दिसतात: विरळ अंतरावर उभे होल्म ओक आणि कॉर्क ओक, खाली गवत आणि त्यात चरणारी गुरे, मेंढ्या व काळी डुकरे. हे नैसर्गिक रान नव्हे, शतकानुशतके माणसाने राखलेले कुरण आहे. कॉर्क ओकची साल नऊ-दहा वर्षांनी एकदा सोलतात. ताज्या सोललेल्या खोडाचा रंग काव लावलेल्या भिंतीसारखा तांबडा असतो.

मुक्काम तोरेहोन एल रुबियो या गावात करावा. सत्तरच्या दशकात इथली मूळ झाडी तोडून निलगिरी लावण्याचा सपाटा सुरू होता. निसर्गप्रेमींच्या विरोधामुळे १९७९ मध्ये हा भाग संरक्षित झाला आणि २००७ मध्ये त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. प्रवेशशुल्क नाही. उद्यानातील एकमेव वस्ती असलेल्या विय्यारेआल दे सान कार्लोस इथे माहितीकेंद्र आहे. तिथून पायवाटांचा नकाशा घ्यावा.

साल्तो देल हितानो हे निरीक्षणस्थळ रस्त्यालगतच आहे. समोर ताहो नदीचे संथ पाणी आणि पलीकडे पेन्या फाल्कोन हा उभा कडा. सूर्योदयाला जाण्याची धडपड गिधाडांसाठी तरी करू नये, कारण हवा तापल्याशिवाय ती उडत नाहीत. सकाळी साडेआठला पोचावे, दुर्बिणीने कड्यावरील घरटी पाहावीत, आणि नऊ-साडेनऊनंतर पहिले ग्रिफन गिधाड कपारीतून सुटते ते पाहावे. दहा मिनिटांत वीस, मग पन्नास. मग मोन्फ्राग्वेच्या पडक्या किल्ल्यावर चढावे. तिथे गिधाडे डोळ्यांच्या रेषेत, कधी तुमच्या खालून जातात, आणि पंखांतून वाऱ्याचा सुस्कारा स्पष्ट ऐकू येतो. काळे गिधाड आकाराने सर्वांत मोठे. त्याचे पंख फळीसारखे सरळ असतात आणि ते घरटे झाडावर करते. या पक्ष्याच्या जगातील मोठ्या वसाहतींपैकी एक इथे आहे. स्पॅनिश शाही गरुडासाठी पोर्तिया देल तिएतार इथे संध्याकाळी संयमाने बसावे लागते.

आपल्या पिढीला हे दृश्य वेगळे भिडते. महाराष्ट्रात गावाबाहेर ढोरांवर उतरणारी गिधाडे आपल्या आईवडिलांनी पाहिली. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधाने भारतातील तीन जातींची गिधाडे नव्वद टक्क्यांहून अधिक संपवली आणि २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी येईपर्यंत फार उशीर झाला होता. स्पेनने हेच औषध गुरांसाठी २०१३ मध्ये मंजूर केले आहे. माहितीकेंद्रात अभिप्रायाची वही असेल तर त्याविषयी दोन ओळी जरूर लिहाव्यात.

शेवटच्या दिवशी प्लासेन्सियामार्गे हेर्ते खोऱ्यात जावे. एन-११० रस्ता उतारांवरील पायऱ्यापायऱ्यांच्या चेरीबागांमधून वर चढतो. बहर खालच्या गावांत आधी येतो, म्हणून उशीर झाला असेल तर वरच्या तोर्नावाकासकडे शोधावा. बहर संपल्यावर लॉस पिलोनेसची पायवाट करावी, तिथे ओढ्याने ग्रॅनाइटमध्ये गोल रांजण कोरले आहेत. वाट जाऊन-येऊन सुमारे सहा किलोमीटर, चढ साधा, पण सोबत पाणी हवे. वेळ उरल्यास ला वेरा भागातील युस्तेचा मठ पाहावा: सम्राट पाचव्या चार्ल्सने सत्ता सोडून इथे अखेरचे दीड वर्ष काढले आणि १५५८ मध्ये तो इथेच वारला. संधिवाताने जखडलेल्या सम्राटाला पलंगावरून वेदी दिसावी म्हणून शयनगृहाच्या भिंतीत काढलेली वाट पाहता येते.

शाकाहाऱ्यांसाठी

हामोन, म्हणजे सुकवलेले डुकराचे मांस, इथे भाजीतही पडते आणि सॅलडमध्ये ट्यूना न सांगता येतो. केवळ ‘शाकाहारी’ म्हणून भागत नाही. ‘सिन कार्ने, सिन हामोन, सिन आतून’, म्हणजे मांस नको, हामोन नको, ट्यूना नको, असे तिन्ही सांगावे. बटाट्याचा तोर्तिया अंडे चालणाऱ्यांना सर्वत्र मिळतो, आणि भाजलेल्या मिरच्या-टोमॅटोंचे सोरोन्गोयो उत्तरेकडे आवर्जून मागावे. सर्वांत आनंदाची गोष्ट म्हणजे तोर्ता देल कासार: मेंढीच्या कच्च्या दुधाचे हे चीज प्राणिज विरजणाऐवजी रानटी काटेरी फुलांच्या तंतूंनी लावले जाते. वरची चकती टोपणासारखी कापून आतला मऊ, किंचित कडवट गर पावावर घेऊन खातात. खाण्याआधी तासभर ते शीतकपाटाबाहेर ठेवावे, नाहीतर गर घट्टच राहतो.

परततानाची खरेदी ला वेरातच करावी. तिथल्या मिरच्या ओकच्या धुरावर सुमारे दोन आठवडे वाळवून दळतात, आणि लहान पत्र्याच्या डब्यांवर दुल्से, आग्रिदुल्से किंवा पिकान्ते, म्हणजे गोड, आंबटगोड किंवा तिखट, असे छापलेले असते. ज्या अमेरिकी मिरचीला पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात गोव्यात आणले, तिचीच ही दुसरी शाखा. आपल्या तिखटाच्या जागी ती घालू नये, कारण धुराचा वास फोडणीत करपतो. भाजलेल्या बटाट्यांवर किंवा दह्यात शेवटी भुरभुरावी. डबा सीलबंद असेल याची खात्री करून तो मोठ्या सामानात ठेवावा.